सूट खर्चात द्या, काचेत नको

गुणवत्ता नियंत्रण आदेशांवरचा, म्हणजे दर्जाचा शिक्का सक्तीचा करणाऱ्या सरकारी आदेशांवरचा, वाद आपल्याकडे आता ठरलेल्या वळणाने चालतो. एखाद्या वस्तूला भारतीय मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा करायची गोष्ट निघते. मोठे उत्पादक 'दर्जाशी तडजोड नको' म्हणत स्वागत करतात. लहान उत्पादकांच्या संघटना 'आम्ही बंद पडू' म्हणून निवेदने देतात. मंत्रालय मग लघुउद्योगांना तीन आणि सूक्ष्म उद्योगांना सहा महिने जादा देते, किंवा अमुक उलाढालीखालच्यांना सरळ वगळते, आणि दोघांच्याही पदरात काही ना काही पडल्यामुळे विषय मिटतो. प्रयोगशाळेच्या काचसामानाची चर्चाही याच चाकोरीतून जाते. फरक इतकाच की इथे लोकांचे लक्ष कमी असते. बीकर आणि पिपेटसाठी कोण मोर्चा काढणार?

माझ्या मते यात मूळ प्रश्नच चुकीचा विचारला जातो. 'किती लहान कारखान्याला सूट द्यायची' यावर सगळे भांडतात. या वस्तूचा दर्जा नेमका कुठे ठरतो, कुठे बिघडतो आणि तिथल्या तिथे तपासता येतो का, हे कुणी विचारत नाही. काचसामानापुरते माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. कारखान्याच्या आकारमानावर बेतलेली सूट कुणालाही देऊ नये. आणि आज ज्या पद्धतीने शिक्का दिला जातो, ती पद्धत लहान काचकाम करणाऱ्यांवर लादूही नये. मानक सगळ्यांना एकच असावे. ते सिद्ध करण्याचा खर्च, वेळ आणि कागदपत्रे यांतून लहानांची सुटका व्हावी. ही दोन विधाने एकमेकांना छेद देतात असे वाटेल. ती छेद देत नाहीत हे दाखवायचे तर थोडे कायद्यात आणि बरेच काचेत शिरावे लागेल.

भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ च्या कलम १६ नुसार केंद्र सरकार लोकहित, आरोग्य, पर्यावरण, अनुचित व्यापारी प्रथांना आळा, राष्ट्रीय सुरक्षा अशा कारणांसाठी एखाद्या वस्तूवर मानकचिन्ह सक्तीचे करू शकते. एरवी ते ऐच्छिक असते. सक्ती झाली की चिन्हाशिवाय ती वस्तू बनवणे, आयात करणे, साठवणे, विकणे हा गुन्हा ठरतो. या कायद्यातली शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या खेपेला किमान दोन लाख रुपये दंड. चिन्ह मिळवायचा रूढ मार्ग म्हणजे कारखान्याचा परवाना. ब्युरोचे अधिकारी कारखाना पाहतात, यंत्रे पाहतात, तपासणीची सोय पाहतात, नमुने प्रयोगशाळेत जातात आणि मग त्या एका मानकापुरता परवाना हातात पडतो. यातले 'त्या एका मानकापुरता' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बीकरचे भारतीय मानक (आयएस) २६१९, एकखुणी मापन-फ्लास्कचे आयएस ९१५, पिपेटचे आयएस १११७, ब्युरेटचे आयएस १९९७, मोजनळकांड्याचे आयएस ८७८. एकच कारागीर, त्याच बर्नरवर, सकाळी पिपेटा ओढतो आणि दुपारी ब्युरेटला तोटी जोडतो. परवान्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे धंदे झाले.

आता काच. तिची अडचण अशी की प्रयोगशाळेला हवे असलेले तिचे तिन्ही गुण डोळ्यांना दिसत नाहीत. पहिला गुण म्हणजे काच कोणत्या जातीची. उष्णतेच्या कामाला बोरोसिलिकेट ३.३ लागते, त्यात सुमारे ८१ टक्के सिलिका आणि १३ टक्के बोरिक ऑक्साइड असते. नावातला ३.३ म्हणजे तापमान एक अंशाने वाढले की लांबी दहा लाखांत ३.३ भागांनी वाढते. साध्या सोडा-चुन्याच्या काचेत हाच आकडा ९ च्या आसपास असतो. म्हणजे उकळत्या द्रवाचे भांडे गार ओट्यावर ठेवले, तर सोडा काचेत जवळपास तिप्पट ताण पडतो. शिवाय सोडा काचेतून पाण्यात अल्क जास्त झिरपते, त्यामुळे नाजूक परीक्षेत द्रावणाचा सामू गुपचूप बदलतो. दुसरा गुण म्हणजे काचेच्या पोटातला ताण. ज्योतीवर आकार दिलेली वस्तू ५६० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून सावकाश निवू दिली नाही, तर ताण आतच अडकतो. असा फ्लास्क महिनोन्‌महिने ठीक चालतो आणि एके दिवशी निर्वात पंपाला जोडलेला असताना आतल्या आत फुटतो. तिसरा गुण माप. 'अ' वर्गाच्या ५० मिलिलिटर ब्युरेटला ०.०५ मिलिलिटरपेक्षा जास्त चूक माफ नाही, 'ब' वर्गाला दुप्पट. चूक अर्ध्या मिलिलिटरची असेल तर २५ मिलिलिटरच्या अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) निकाल दोन टक्क्यांनी सरकतो. कित्येक औषधी द्रव्यांच्या शुद्धतेची मर्यादाच ९८ ते १०२ टक्के असते. तिथे चांगला माल नापास आणि वाईट माल पास व्हायला एवढे पुरते, आणि दोष ब्युरेटचा होता हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

सक्तीच्या विरोधकांचा एक युक्तिवाद इथेच येतो आणि तो वजनदार आहे. काचसामान घेणारा काही भाजीबाजारातला गोंधळलेला गिऱ्हाईक नव्हे, तो स्वतः विज्ञानाचा माणूस. त्याला काय घ्यायचे ते कळते, मग सरकारने मध्ये का पडावे? औषध कंपनीच्या किंवा मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळेच्या बाबतीत हे खरे आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना आयएसओ १७०२५ या चाचणी प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आपल्या मापांचा माग दाखवावाच लागतो. त्या प्रत्येक मापन-फ्लास्कचे प्रमाणपत्र मागतात, आणि नाही मिळाले तर पाणी भरून वजन करून स्वतः पडताळतात. पण काचसामान फक्त त्यांनाच लागते का? शाळा, कनिष्ठ महाविद्यालये, पाणीतपासणीची छोटी केंद्रे, गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅब यांची खरेदी बरीचशी सर्वांत कमी दराने होते. तिथे निवड करणारा आणि वापरणारा एक नसतो. दर उघडणाऱ्या कारकुनापुढे दोन बीकर असतात, दोन्हींवर 'बोरो' असे काहीतरी छापलेले असते आणि किमतीत निम्म्याचा फरक असतो. तो कोणता घेईल? ज्ञानी गिऱ्हाईक हे बाजाराला शिस्त लावते हे मान्य, पण अशी गिऱ्हाइके बाजाराच्या वरच्या मजल्यावर राहतात.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. हे आदेश दर्जासाठी नसतात, आयात अडवण्यासाठी आणि आधीच परवाने घेऊन बसलेल्या मोठ्यांच्या सोयीसाठी असतात, असा तो आक्षेप. याला नुसते 'तसे काही नाही' म्हणून चालणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने पॉलिएस्टर आणि प्लास्टिकच्या कच्च्या मालावरचे डझनभराहून अधिक आदेश स्वतःच मागे घेतले. दर्जा राखण्याच्या नावाखाली कच्च्या मालाची वाट अरुंद झाली होती आणि त्या मालापासून कापड, पिशव्या, डबे बनवणारे लहान उद्योग देशातल्या मोजक्या पुरवठादारांच्या दावणीला बांधले गेले होते, ही तक्रार त्यामागे होती. परदेशी कारखान्याला आपला परवाना हवा तर आपले अधिकारी तिकडे जाऊन पाहणी करणार, त्याला लागेल तितका वेळ लागणार. तोवर माल बंद. काचसामानात ही चूक पुन्हा करायला भरपूर वाव आहे. कसा, ते पुढे येईल, कारण तो धोका माझ्या स्वतःच्या प्रस्तावालाही आहे.

तिसरी बाजू सूट मागणाऱ्यांची. त्यांचे म्हणणे मला या सगळ्यांत जास्त जवळचे वाटते आणि तरीही त्यांची मागणी मला चुकीची वाटते. त्यांचे म्हणणे असे: बर्नरकाम करणाऱ्या, म्हणजे तयार काचनळीला ज्योतीवर आकार देणाऱ्या माणसाकडे दोन टेबले, गॅस, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि एक ताण काढायची भट्टी असते. त्याने अल्कनिष्कासनाची, म्हणजे काचेतून किती अल्क झिरपते याची, चाचणी करायची सोय कुठून आणायची? आयएस २३०३ प्रमाणे काचेची प्रतवारी करायला प्रशिक्षित रसायनशास्त्रज्ञ लागतो. त्याचा पगार त्या कार्यशाळेच्या महिन्याच्या नफ्याहून अधिक असेल. वर पाच वस्तूंचे पाच परवाने. ब्युरो सूक्ष्म उद्योगांना किमान मुद्रांकन शुल्कात, म्हणजे चिन्ह वापरण्याच्या शुल्कात, ८० टक्क्यांपर्यंत सवलत देते हे खरे, पण शुल्क हा एकूण खर्चातला लहान भाग. मोठा भाग चाचण्या, यंत्रे आणि खेटे यांचा.

हे सगळे मान्य करून विचारतो: मग सूट मिळाल्यावर या माणसाचे नेमके काय होते? अलीकडच्या काही आदेशांत यंत्रसामग्रीत २५ लाखांपर्यंत गुंतवणूक आणि दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या, उद्यम नोंदणीच्या सूक्ष्म उद्योगांना पूर्ण वगळले आहे. कागदावर तो सुटला. पण सक्तीच्या वस्तूंच्या यादीत नाव आले की निविदेत 'आयएसआय चिन्ह आवश्यक' ही ओळ आपोआप छापली जाते. खरेदी अधिकारी लेखापरीक्षणाला घाबरतो, सूट वाचत बसत नाही. जो दुकानदार आजवर त्याच्या पिपेटा घेत होता तोही म्हणतो, चिन्हाचा माल द्या, नाहीतर भाव उतरवा. म्हणजे सूट मिळालेला माल हा आपोआप दुय्यम माल ठरतो. सार्वजनिक खरेदी धोरणाने केंद्रीय खात्यांच्या खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी राखलेला आहे. एका हाताने तो वाटा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने तो घेण्याची पात्रता काढून घ्यायची, असा हा कारभार. शिवाय मोठ्या नावाच्या कंपन्या लहान कार्यशाळांकडून काम करून घेऊन आपल्या नावाने विकतात, तिथे सूट लागूच पडत नाही. जादा सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल तर बोलायलाच नको. ज्याला रसायनशास्त्रज्ञ आज परवडत नाही त्याला तो सहा महिन्यांनी कसा परवडेल?

आकारमानाची सूट तर्काच्या कसोटीवरही टिकत नाही. १ एप्रिल २०२५ ला सूक्ष्म उद्योगाची व्याख्या बदलली: गुंतवणुकीची मर्यादा एक कोटीवरून अडीच कोटी झाली, उलाढालीची पाच कोटींवरून दहा कोटी. कर्ज आणि अनुदानाच्या दृष्टीने हा बदल योग्यच असेल. पण ज्या आदेशांतली जादा मुदत या व्याख्येला बांधलेली आहे, तिथे ३१ मार्चला 'लघु' असलेला कारखाना दुसऱ्या दिवशी 'सूक्ष्म' झाला. भट्टी तीच, कामगार तेच, बीकरही तोच. दर्जाचे बंधन बॅंकेच्या व्याख्येवर लटकवले की असे विनोद होतात. आणि उलट बाजूने पाहा: नऊ कोटींची उलाढाल करणारा, आयात केलेल्या स्वस्त सोडा काचेच्या नळ्यांवर नुसते रेघा-आकडे छापून विकणारा व्यापारीवजा उत्पादक या व्याख्येत सूक्ष्म आहे. सूट त्याच्यासाठी मागितली होती का?

म्हणून वस्तू बनते कशी तिकडे वळू. बोरोसिलिकेट काच वितळवायला १,६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. ही भट्टी मनात येईल तेव्हा पेटवता-विझवता येत नाही. ती वर्षानुवर्षे अखंड चालवावी लागते. त्यामुळे हा भाग भांडवलाचा आहे आणि मोजक्या हातांत आहे. याउलट कंडेन्सर, ब्युरेट, पिपेट, तोट्या, घासीव सांध्यांची उपकरणे हे सगळे बर्नरकामातून येते. तयार नळी विकत घ्यायची आणि ज्योतीवर ओढून, फुगवून, वाकवून, जोडून तिची वस्तू करायची. हरियाणातल्या अंबाल्याची वैज्ञानिक उपकरणांची बाजारपेठ अशा लहान कार्यशाळांच्या आधाराने वाढली आहे. या श्रमविभागणीतून एक साधी गोष्ट निघते, जी वादात कुणी बोलत नाही. काचेचे रसायन भट्टीत ठरते. बर्नरवर बसलेला माणूस ते सुधारू शकत नाही, बिघडवण्याचीही त्याला फारशी संधी नसते. त्याच्या हातात दोनच गोष्टी आहेत, ताण काढणे आणि माप बसवणे. या दोन्हींची तपासणी स्वस्त आहे. ताण पाहायला ध्रुवीकृत प्रकाशाचे साधे उपकरण पुरते. दोन पटलांमध्ये वस्तू धरली की अडकलेला ताण रंगांच्या पट्ट्यांनी दिसतो. माप पडताळायला ऊर्ध्वपातित पाणी, चांगला तराजू आणि तापमापक लागतो. नाही म्हणायला इथे एक भारतीय गंमत आहे: आपल्या मानकांत मापाचे तापमान २७ अंश धरलेले आहे, युरोपात २०. पाणी वजन करून पडताळताना हे विसरले तर लिटरमागे पावणेदोन मिलिलिटरच्या आसपास घोळ होतो. पण हा घोळ शिकवून टाळता येतो, त्यासाठी भांडवल लागत नाही.

मग रसायनाची परीक्षा बर्नरवाल्याकडून का मागायची? ती नळीच्या उत्पादकाकडून किंवा आयातदाराकडून मागावी. नळीच्या प्रत्येक खेपेवर जात आणि खेपेचा क्रमांक असावा, आणि तो क्रमांक कारागिराच्या विक्रीपावतीवर पुढे चालत यावा. पिठाचा दर्जा गिरणीत तपासावा, दर भाकरीमागे नव्हे.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या थुरिंगिया भागात तापमापक बनवणे हा घरोघरचा उद्योग होता. डोंगराळ गावांत कुटुंबेच्या कुटुंबे दिव्याच्या ज्योतीवर नळ्या फुगवत. त्या तापमापकांत एक खोड होती: एकदा तापवून पुन्हा बर्फात ठेवले की शून्याची खूण सरकलेली असायची. दोष फुगवणाऱ्याचा नव्हताच. काचेत सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही मिसळलेले असले की हे होते, हे पुढे उमगले. १८८४ मध्ये काचरसायनज्ञ ओट्टो शॉट, भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे आणि सूक्ष्मदर्शक बनवणारे झाइस पितापुत्र यांनी येना इथे काचेची प्रयोगशाळा काढली आणि तापमापकांसाठी वेगळी काच तयार केली. ती ओळखू यावी म्हणून नळीतच एक जांभळी रेघ ओढलेली असे. कुठल्याही खेड्यात बनलेल्या तापमापकात ती रेघ दिसली की काच कोणती हे गिऱ्हाइकाला कळे. कारागिराला काही सिद्ध करावे लागत नसे. १८८७ मध्ये बर्लिनजवळ राष्ट्रीय भौतिक-तंत्र संस्था उभी राहिली, आणि तापमापकांची तपासणी फक्त राजधानीत न ठेवता थुरिंगियातच, इल्मेनाउला, तपासणी केंद्र निघाले. कारागीर आपले तापमापक घेऊन जवळच्या गावी जायचा, तपासून शिक्का मारून आणायचा. सूट कुणालाच नव्हती. तरी घरगुती उद्योग मेला नाही, उलट 'जर्मन तापमापक' हे नाव जगभर चालले.

ब्रिटनने उलटा धडा गिरवला. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि जर्मनी-ऑस्ट्रियाहून येणारे प्रयोगशाळेचे काचसामान एका रात्रीत थांबले. रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने काचेची सूत्रे शोधायला समिती नेमली, १९१५ मध्ये शेफील्ड विद्यापीठात काचतंत्रज्ञानाचा विभाग निघाला. हे चांगले झाले. पण शांतता आल्यावर १९२१ च्या उद्योगसंरक्षण कायद्याने बीकर, फ्लास्क, ब्युरेट, तापमापक अशा सगळ्या वैज्ञानिक काचसामानावर ३३ टक्क्यांहून अधिक आयातशुल्क बसवले. या दोन गोष्टींपैकी ब्रिटिश काच सुधारली ती कशामुळे? शुल्काने परका माल महाग झाला, एवढेच. दर्जा आला तो शेफील्डच्या संशोधनातून आणि टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत मापे तपासून मिळणाऱ्या शिक्क्यातून. आपल्याकडे जे लोक गुणवत्ता नियंत्रण आदेशाला आयातबंदीचे हत्यार म्हणून डोक्यावर घेतात, त्यांनी हा फरक पाहावा.

आणि आपला स्वतःचा इतिहास? अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसाफंड उभारला, टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचकारखाना सुरू झाला. स्वदेशीच्या लाटेतला हा उद्योग 'देशी आहे, सांभाळून घ्या' एवढ्या भांडवलावर चालवता आला असता. पण तो कारखाना शाळाही होता. काचकाम शिकवणे हा त्याचा उद्देशच होता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे कंदील आणि त्यांच्या काचा पुढे घरोघरी पोचल्या, त्या परदेशी कंदिलासमोर टिकल्या म्हणून. लहानाला मदत करायची तर ती शिकवण्यात आणि तपासून देण्यात करावी, हे मराठी माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. आज मात्र मदत म्हणजे राजपत्रातले एक परंतुक.

'हे सगळे ठीक, पण आपल्या कायद्यात असे बसते कुठे?' असे कुणी विचारेल. बसते, सोन्यात बसलेच आहे. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला. सोनाराला आपल्या पेढीत कस लावायची प्रयोगशाळा काढावी लागली का? नाही. तो ब्युरोकडे नोंदणी करतो, दागिने स्वतंत्र तपासणी केंद्रात जातात, नगामागे ठरलेले शुल्क देऊन क्रमांकासह परत येतात. दर्जा तिऱ्हाइताने तपासायचा आणि बनवणाऱ्याने बनवायचे, ही विभागणी आपण सोन्यासाठी केली, काचेसाठी करत नाही. माझ्या प्रतिस्पर्ध्याला इथे एक हुकमी पत्ता मिळतो, तो मीच टाकतो: हॉलमार्किंगमध्येही वार्षिक ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफांना सूट आहे. आहे, आणि माझ्या मते तो त्या योजनेचा सर्वांत कच्चा दुवा आहे. लहान गावातल्या ज्या गिऱ्हाइकाला कस ओळखता येत नाही, ते नेमके त्याच पेढीवर जाते. तरीही तिथे एक गोष्ट वेगळी आहे. सोने पुन्हा वितळवून, पुन्हा तपासून नुकसान कळते. चुकीच्या ब्युरेटने केलेली पाण्याची तपासणी कोण पुन्हा करणार?

आता माझ्या प्रस्तावाला असलेला धोका, जो मी मागे राखून ठेवला होता. नळीवर प्रमाणनाची सक्ती केली आणि ती नेहमीच्या परवाना पद्धतीने केली, तर पॉलिएस्टरचेच होईल. परदेशी नळी अडकेल, देशातले मोजके उत्पादक भाव वाढवतील आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते बर्नरवालेच उपाशी मरतील. म्हणून नळीला कारखान्याचा परवाना मागू नये, खेपेचा अहवाल मागावा. बोरोसिलिकेट ३.३ साठी आयएसओ ३५८५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा खेपनिहाय अहवाल असेल तर ती नळी, मग ती कुठल्याही देशातून आलेली असो, चालावी. बंदरावर प्राथमिक चाळणी करायला तर काहीच खर्च नाही. बोरोसिलिकेटचा अपवर्तनांक १.४७३ च्या आसपास, ग्लिसरीनचाही तेवढाच. त्यामुळे या काचेचा तुकडा ग्लिसरीनमध्ये बुडवला की दिसेनासा होतो आणि सोडा काच ठळक दिसत राहते. अंतिम निवाडा यावर करू नये, पण कोणता नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा हे ठरवायला एवढे पुरे.

सोडा काचेशी माझे काही वैर नाही, हेही सांगायला हवे. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या तिच्याच असतात, गार द्रव मोजायचे साधे मोजनळकांडे तिचे असायला काहीच हरकत नाही. शाळेला स्वस्त सामान मिळण्यावर गदा यावी असे कुणालाच वाटू नये. बंदी हवी ती तिच्यावर 'बोरो' लिहिण्यावर. म्हणजे सक्ती वस्तूच्या दाव्याला बांधावी: ज्यावर जात लिहिली आहे ती त्या जातीची असावी, ज्यावर 'अ' वर्ग लिहिला आहे तो 'अ' वर्गाच्या मर्यादेत बसावा. काहीच लिहिले नसेल तर उष्णता व निर्वाताच्या कामासाठी ते विकता येऊ नये. संशोधकाने चित्र काढून करून घेतलेले एखादे विचित्र उपकरण या सगळ्याबाहेर असावे. हे त्याच्या निर्मात्याच्या लहानपणामुळे नव्हे, तशा एकुलत्या एका वस्तूला मानकच नसते म्हणून. पुष्कळ आदेशांत संशोधनासाठी वर्षाला २०० नग विनाशिक्का आयात करायची मुभा असते. देशातल्या कारागिराने देशातल्या संशोधकाला एक नग करून देण्याची मुभा तितक्याच स्पष्ट शब्दांत लिहायला काय हरकत आहे?

दंडाचाही विचार याच अंगाने व्हावा. सहा माणसांच्या कार्यशाळेला किमान दोन लाखांचा दंड म्हणजे टाळे. ज्याने खेपेचा क्रमांक खोटा छापला त्याला तो लावा. ज्याच्या पंचवीस पिपेटांत दोन मर्यादेबाहेर गेल्या, त्याचा माल परत पाठवा, पुन्हा खुणा करायला लावा, तिसऱ्यांदा चुकला तर दंड करा.

यात सर्वांत अवघड काय असेल तर केंद्रे. फिरोजाबादला काचउद्योग विकास केंद्र आहे, कोलकात्याला केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था आहे, चंदीगडला वैज्ञानिक उपकरण संस्था आहे. ज्ञान आहे, पण बर्नरवाल्याला सकाळी खोके ठेवून संध्याकाळी तपासून आणता येईल असे ठिकाण त्याच्या बाजारपेठेत हवे. ते सरकारने उभारावे आणि नगामागे नाममात्र शुल्कावर पहिली काही वर्षे तोट्यात चालवावे. सूट देण्यात सरकारला एक रुपयाही लागत नाही, केंद्राला लागतो. सूट लोकप्रिय आहे त्याचे एक कारण मला हेच दिसते.

म्हणून आदेश काढायचाच असेल, तर त्यातल्या अंमलाच्या तारखेच्या जागी तारीख घालू नये. अंबाला आणि फिरोजाबाद इथली तपासणी केंद्रे नियमित काम करू लागल्यापासून बारा महिने, असे लिहावे. केंद्र लांबले तर सक्ती लांबेल, आणि उशिराचा जाब कारागिराऐवजी मंत्रालयाला विचारता येईल. सुरुवात नळी, ब्युरेट आणि मापन-फ्लास्क या तीनच वस्तूंपासून करावी. बीकरांना दुसऱ्या वर्षी घेतले तरी चालेल.